गाळलेली नोंद

पार्सल फाडल्यावर पुस्तक पालथं बाहेर आलं, आणि मागच्या कव्हरवर तो हसत होता. राजश्रीने पुस्तक पटकन उलटं केलं, तर पुढे त्याचं नाव: जितेश सकपाळ. म्हणजे दोन्हीकडून तोच. सकाळचे अकरा वाजले होते, वर्तमानपत्रांच्या टेबलाशी नेहमीचे तीन निवृत्त गृहस्थ एकच पेपर तिघांत वाटून वाचत होते, पंखा कुरकुरत होता, आणि राजश्रीने फाडलेल्या पार्सलचा कागद चुरगळून त्याचा बोळा केला. रागाने. चार वर्षं जपून ठेवलेला राग होता तो, आणि त्याला तोंडही होतं, नावही होतं. फक्त पत्ता नव्हता. आता पत्ता स्वतः चालत आला होता, ठाण्याचा, पिनकोडसकट. सोबत एक चिठ्ठी होती: ‘माझं मूळ गाव पोलादपूर तालुक्यातलं. ब्लॉगवरच्या निवडक नोंदींचं हे पुस्तक आपल्या महाडच्या वाचकांपर्यंत पोचावं ही इच्छा. आपला नम्र.’ नम्र! तिने ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि मनात म्हणाली, ये, बरा सापडलास.

महाडच्या या वाचनालयात एक पद्धत आहे, आणि ती पुराने लावली आहे. एकवीसच्या जुलैत पाणी छताला टेकलं तेव्हा आतली सगळी पुस्तकं लगदा झाली. ती फावड्याने ओढून बाहेर काढावी लागली. मग राज्यभरातून मदत म्हणून पुस्तकांची पोती आली. देणाऱ्यांचे हात मोठे, पण पोती उघडली तर निम्म्यांत बारावीची गाईडं, विमा एजंटांच्या डायऱ्या आणि कुणाकुणाच्या सासऱ्यांनी पदरमोड करून छापलेले कवितासंग्रह. कपाटं मोजकी. तेव्हा कार्यवाह बुद्धरत्न सरांनी ठरवलं की जागा देण्याआधी प्रत्येक पुस्तक एका माणसाने अथपासून इतिपर्यंत वाचायचं, आणि आतल्या कोऱ्या पानावर चिठ्ठी डकवायची: ‘वाचावे’, ‘वेळ असल्यास वाचावे’, किंवा ‘न वाचले तरी चालेल’. खाली सही. न वाचता सही करायची नाही, हा एकच नियम. पोती संपली तरी पद्धत राहिली, आणि हळूहळू सगळ्या चिठ्ठ्या राजश्रीकडेच आल्या, कारण ती ग्रंथपाल आणि तिची सही असलेलं पुस्तक फसत नाही असा बोलबाला झाला. बायका पुस्तक हातात घेतात, आतलं पान उघडतात, सही बघतात आणि मगच पिशवीत टाकतात. ‘न वाचले तरी चालेल’ असं तिने लिहिलेलं पुस्तक वरच्या फळीवर जातं आणि तिथून कुणी ते काढल्याचं आजवर ऐकिवात नाही. म्हणजे जितेश सकपाळला मारायला तिला चार शब्द पुरे होते. पण ते चार शब्द लिहायला आधी त्याची एकशे वीस पानं वाचायची होती, आणि ती शिक्षा मात्र तिचीच होती.

ती पुस्तक घरी घेऊन गेली. दुपारी सासूबाई आडव्या झाल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहूनच तिने अनुक्रमणिका उघडली आणि बोट फिरवत खाली आली. ‘डोंगरावरचा पूरग्रस्त’ हे शीर्षक तिला हवं होतं. छपन्न नोंदी होत्या, ती नव्हती. तिने पुन्हा वरून खाली बोट फिरवलं. नाव बदललं असेल म्हणून पावसाच्या, पुराच्या, गावाच्या म्हणून जेवढ्या नोंदी होत्या तेवढ्या चाळल्या. नव्हती. मग ती प्रस्तावनेकडे आली, आणि तिथे दुसऱ्याच परिच्छेदात तिला हवं ते सापडलं: ‘तीनशेच्या वर नोंदींतून या छपन्न निवडल्या. त्या त्या वेळी गंमत म्हणून खरडलेल्या, आज पुन्हा वाचाव्यात अशा न वाटलेल्या नोंदी गाळल्या आहेत.’ गॅसवर भात होता. तो खाली लागल्याचा वास आला तरी ती तशीच उभी राहिली. गंमत म्हणून खरडलेली. ज्या दीड पानाने तिच्या बापाचं गावातलं उठणं-बसणं बंद केलं, ते दीड पान याला पुन्हा वाचण्याच्या लायकीचंसुद्धा वाटलं नाही. त्याने ते छापलं असतं तर ती त्याचा गळा धरणार होती; त्याने ते फेकून दिलं म्हटल्यावर तिला त्याचे दोन्ही हात तोडावेसे वाटले.

मग ती इरेला पेटून वाचू लागली. लाल पेन घेऊन, दहावीचे पेपर तपासणाऱ्या खडूस मास्तरसारखी. चुका काढायला फार लांब जावं लागलं नाही. ब्लॉगचं पुस्तक केलं की जे होतं ते सगळं इथे झालं होतं. ‘मागच्या आठवड्यात सांगितल्याप्रमाणे’ असं एके ठिकाणी होतं, आणि मागचा आठवडा पुस्तकात कुठेच नव्हता. वरंधच्या घाटात गाडी बंद पडल्याची हकिगत दोनदा आली होती, एकदा गाडी पांढरी होती, एकदा निळी. प्रत्येक नोंद दीड पानाची; जणू माणसाचं सुख, दुःख, मरण सगळं दीड पानात बसवून द्यायचा त्याने ठेका घेतला होता. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक गोडसं वाक्य, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखं. ती खुणा करत गेली, समासात ‘पुन्हा तेच’ असं लिहीत गेली, आणि तिला फार बरं वाटत होतं. आणि मग त्र्याण्णवाव्या पानावर त्याच्या थोरल्या भावाची नोंद आली. भाऊ गेल्यावर त्याची मोटरसायकल पोलादपूरच्या घरी पडवीत उभी आहे, आई रोज सकाळी ती फडक्याने पुसते आणि पुसताना हँडलला म्हणते, ‘सावकाश जा रे.’ एवढंच होतं. शेवटी बडीशेप नव्हती. राजश्रीने ते पान वाचलं, पेन खाली ठेवलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ती स्वतःवर इतकी चिडली की तिने पुस्तक ओट्यावर आपटलं. सासूबाईंनी आतून विचारलं, “काय पडलं गं?” “झुरळ मारलं,” ती म्हणाली.

या माणसाला लिहिता येतं, हीच तर अडचण होती. लिहिता येत नसतं तर ती नोंद एवढी फिरली नसती. मदतीचा ट्रक घेऊन मुंबईची जी पोरं पुराच्या चौथ्या दिवशी महाडात आली, त्यांत तो होता. रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला त्याने सहज विचारलं, बाबा, गाव कुठलं? आणि म्हातारा खरं बोलला. म्हणाला, कुडपण. राजश्रीच्या बापाला खोटं गाव सांगणं कधी सुचलंच नसतं. ज्याला कुडपण ठाऊक नाही त्याने ते ऐकून सोडून दिलं असतं, पण सकपाळ पडला पोलादपूरचा. त्याच तालुक्यातलं कुडपण डोंगरात कुठल्या उंचीवर आहे ते त्याला पक्कं माहीत. झालं. संध्याकाळपर्यंत नोंद तयार. ‘पूर कुडपणला पोचला असेल तर मुंबई शिल्लक आहे का, हे फोन करून विचारायला हवं,’ हे त्यातलं वाक्य सगळ्यांना पाठ झालं. खाली फोटो, पाठमोरा, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ आणि त्यावर मदतीचं किट. पाठमोरा असला म्हणून काय झालं? श्रीपतची पाठ कुडपणात कोण ओळखत नाही? मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपवर ती नोंद पडली, तिथून गावात गेली, आणि गणपतीला जमलेल्या बैठकीत कुणीतरी ओरडलं, “काय रं श्रीपत, पानी उतरला का?” सगळं घर हसलं. मग ते रोजचंच झालं. पोरंठोरं म्हणू लागली, नाक्यावरचा जीपवाला म्हणू लागला. आई, भागूबाई, फोनवर सांगायची, “ह्ये आता देवलात बी जात नायत गो. गुरांमागं जातात नि तिकडंच बसून ऱ्हातात. बोलवायला गेलं तं म्हनतात, मला भूक नाय.” गुरांना हाक मारणारा त्याचा आवाज दोन डोंगर पलीकडे जायचा. तो आवाज आधी बारीक झाला आणि मग बंदच झाला. गेल्या साली शिमग्याच्या आधी तो गेला. डॉक्टरांनी पोटाचं काहीतरी नाव सांगितलं. राजश्रीने ते नाव लक्षात ठेवलं नाही, कारण तिच्याकडे दुसरं नाव होतं: जितेश सकपाळ.

पण तेवढ्याने भागत नाही, हे तिला आत कुठेतरी नेहमी ठाऊक होतं, आणि त्या ठिकाणाशी आलं की ती चटकन वळून दुसरीकडे बघायची. या वेळी वळता आलं नाही; एकशे वीस पानं हातात होती आणि त्यांत ती नोंद नव्हती, त्यामुळे ती आठवून आठवून मनातच वाचावी लागत होती, आणि मनात वाचलं की पुढचंही वाचलं जातं. बाप त्या रांगेत कशाला उभा होता? कुडपणला पाणी नव्हतं. पाणी महाडला होतं, बाजारपेठेमागच्या गल्लीत, राजश्रीच्या घरात. नवरा बिरवाडीच्या कारखान्यात अडकलेला, आणि ती सासूला घेऊन शेजाऱ्यांच्या माडीवर, अंगावरच्या एका ओल्या साडीत. चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी ट्रक लागला, रांग लागली. ती माडीच्या खिडकीतून बघत होती. रांगेत सगळे आपलेच सभासद. तिच्याकडून पुस्तकं नेणारे, तिला मॅडम म्हणणारे. पोटात कावळे ओरडत होते तरी तिचे पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवरून खाली उतरेनात. तेवढ्यात बाप आला. दरडींनी दोन ठिकाणी रस्ता तोडलेला, ते सगळं चालत उतरून तो दोन दिवसांनी पोचला होता. त्याने लेकीचं तोंड बघितलं, रांगेकडे बघितलं, आणि काही न विचारता खाली गेला.

रांगेत त्याला पोरीचं नाव घेता आलं असतं. ‘माझी लेक इथली आहे, तिचं घर बुडालंय,’ एवढं म्हणाला असता तर कोण हसणार होतं? पण लेकीच्या सासरचं नाव घेऊन चारचौघांत हात पसरायचा नाही, हे त्याच्या रक्तातच होतं. तिच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती, तरी तो तिच्या दारात पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. येताना स्वतःच्या पाण्याची बाटली आणायचा. म्हणून गाव विचारलं तेव्हा त्याने आपलं गाव सांगितलं, आणि ‘तिकडे पाणी आहे का’ विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाला, “पानी लय हाय, बाला. तू दे.” किट त्याने वर आणून दिलं. तिने त्याच्यासमोर बिस्किटांचा पुडा फाडला आणि एकामागून एक सात-आठ बिस्किटं कोरडीच खाल्ली. मग भानावर येऊन एक त्याच्यापुढे धरलं. “तू खा गो,” तो म्हणाला, “मी येताना खाल्लंय.” दोन दिवस डोंगरात काय खाल्लं असेल त्याने? आणि पुढे गावाने दात काढले तेव्हा एक निरोप पुरे होता. ग्रुपवर एक ओळ: ते किट माझ्यासाठी होतं. तिने ती लिहिली होती. एकदा नाही, तीन-चारदा. लिहायची आणि पुसायची, कारण त्या ग्रुपवर महाडचेही चार जण होते आणि त्यांना कळलं असतं की मॅडमचा बाप मॅडमसाठी रांगेत उभा होता. अडीच वर्षं बाप गप्प राहिला तो तिच्यासाठी, आणि ती गप्प राहिली ती स्वतःसाठी. हे एकदा मनात स्पष्ट वाचून झाल्यावर तिला सकपाळचा आणखीनच राग आला. चोराला चोराचा येतो तसा.

दुसऱ्या दिवशी बुद्धरत्न सर काउंटरशी आले, चष्मा कपाळावर चढवून. “राजश्रीताई, तो सकपाळांचा मुलगा रविवारी इकडे येतोय, फोन होता त्याचा. म्हटलं छोटासा कार्यक्रम ठेवू. दहा मिनिटं तुम्ही बोला पुस्तकावर. वाचण्यासारखं आहे की नाही, तुमच्या पद्धतीने, स्पष्ट. त्याला म्हटलंय मी, आमच्या ताई कुणाची भीडभाड ठेवत नाहीत.” ती म्हणाली, “बोलेन की, सर.” आणि तिला इतका आनंद झाला की सरांना चहा मागवला. वरच्या फळीवर पुस्तक टाकलं असतं तर त्याला ठाण्यात बसून काय कळणार होतं? आता तो समोर बसणार होता. ती आधी पुस्तकाची स्तुती करणार, त्याला फुलवणार. मग म्हणणार, एक नोंद राहिली. मग ती नोंद वाचणार. आणि शेवटी सगळ्यांदेखत म्हणणार, हा माझा बाप. बस. तेवढ्या एका वाक्यासाठी ती रविवारपर्यंत जगली.

ब्लॉग त्याने कधीच बंद केला होता, पण नोंद तिच्या फोनमध्ये होती. फोनवरून वाचायचं तिला पटेना, म्हणून तिने ती फुलस्केप कागदावर आपल्या वळणदार अक्षरात उतरवून काढली. चार वर्षांत तिने ती इतक्यांदा वाचली होती, पण उतरवताना शब्द न् शब्द हाताखालून गेला आणि तिला धक्के बसत राहिले. ‘त्याच्या डाव्या पायातल्या चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला होता आणि सुतळीची गाठ कुणा सुईणीने घालावी इतकी नेटकी होती.’ ती गाठ बापाचीच. ‘बोलण्याआधी तो ओठांवरून एकदा हात फिरवतो, शब्दांना वाट करून दिल्यासारखा.’ होय, फिरवायचा. ती अठ्ठेचाळीस वर्षांची झाली होती आणि तिने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, लिहिलं नव्हतं, तिच्याजवळ बापाचा धड एक फोटो नव्हता. आणि या उपटसुंभाने रांगेतल्या दोन मिनिटांत बघून घेतलं, लिहिलं, वर खिदळला, आणि मग टाकून दिलं. बाप कुठे उरला असेल तर त्या दीड पानात, आणि तेही शत्रूच्या हातचं. कागदावर तिच्या अक्षरात तो इतका जिवंत दिसू लागला की तिने घडी घालताना घडी त्या सुतळीच्या गाठीवर येणार नाही अशी घातली.

रविवारी चार वाजता चाळीसेक माणसं जमली. सकपाळ फोटोपेक्षा बारीक निघाला, केस विरळ, आणि खुर्चीत बसताना आधी त्याने बाजूच्या म्हाताऱ्या बाईंची पिशवी उचलून दिली. राजश्रीला ते आवडलं नाही. आज त्याने चांगलं वागू नये असं तिला वाटत होतं. ती बोलायला उभी राहिली. बडीशेपेचं बोलली, पांढऱ्या-निळ्या गाडीचं बोलली. लोक हसले, तोही कान पकडून हसला. मोटरसायकलच्या नोंदीबद्दल तिने ठरवल्यापेक्षा जास्त खरं सांगितलं. मग म्हणाली, “हे पुस्तक वाचावं का? वाचावं. माझी चिठ्ठी तशीच असेल. पण सगळ्यात चांगली नोंद यात नाही. लेखकाने गाळली. ती मी वाचून दाखवते.” तिने कागद उलगडला आणि वाचायला लागली.

आणि लोक हसायला लागले. पहिल्या वाक्याला नाही, तिसऱ्याला. मुंबई शिल्लक आहे का, तिथे तर बुद्धरत्न सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. तिला वाटलं होतं तिचा आवाज ऐकून माणसं गंभीर होतील, पण नोंद गमतीदार होती आणि ती छान वाचत होती; ती नेहमीच छान वाचते. “पानी लय हाय, बाला” हे तर तिने हुबेहूब बापाच्या ढंगात म्हटलं, दुसऱ्या कुठल्या ढंगात ते येतच नव्हतं, आणि त्यावर खोली हशाने फुटली. तिने शेवटचं वाक्य वाचलं, कागद खाली केला, आता ते एक वाक्य म्हणायचं होतं, आणि टाळ्या पडल्या. टाळ्यांत ते वाक्य राहूनच गेलं. हा माझा बाप: बोलायला किती सोपं होतं ते! पण ते म्हटलं की सकपाळ हात जोडणार, माफी मागणार, लोक हळहळणार, आणि तिला पोरकी लेक म्हणून सगळे जवळ घेणार. तिला कुणी विचारणार नव्हतं की तो रांगेत कशाला उभा होता. ती पुन्हा एकदा माडीवरच राहणार होती.

सकपाळ उठून पुढे आला. चेहरा उजळलेला. “ताई, काय सुंदर वाचलंत हो! मी अगदी विसरूनच गेलो होतो. कशी गाळली कोण जाणे. दुसऱ्या आवृत्तीत घेतो, वचन देतो तुम्हाला.”

“घ्या,” राजश्री म्हणाली. “पण शेवट अर्धा आहे. उरलेला लिहून घ्या.”

त्याने हसून खिशातलं पेन काढलं आणि पुस्तकाचं शेवटचं कोरं पान उघडलं. माणसं उठता उठता पुन्हा बसली. त्यांना वाटलं अजून गंमत बाकी आहे. राजश्रीने शुद्धलेखन घालावं तसं सावकाश सांगायला सुरुवात केली.

“कुडपणला पूर आला नव्हता. पूर महाडला आला होता. त्या म्हाताऱ्याची, श्रीपतची, मुलगी महाडला राहते.”

तो भराभर लिहीत होता.

“ती चार दिवस उपाशी होती. तिला रांगेत उभं राहायची लाज वाटत होती, म्हणून बाप उभा राहिला. किट तिने घेतलं. बिस्किटं तिने बापासमोर खाल्ली. बाप उपाशी होता.”

पेन थांबलं. सकपाळने वर बघितलं. बुद्धरत्न सरांनी चष्मा परत लावला. चाळीस सभासद आपल्या मॅडमकडे बघत होते.

“लिहा,” ती म्हणाली. “नंतर सगळा गाव त्याला हसला. मुलीने एक शब्द काढला नाही. अडीच वर्षं काढला नाही, आणि मग तो मेला. मुलीचं नाव राजश्री. ती वाचनालयात काम करते.”

“ताई,” सकपाळ पेन खाली करत म्हणाला, “मला खरंच माहीत नव्हतं हो.”

“मला माहीत होतं,” राजश्री म्हणाली. “तेही लिहा.”